बुटकीची दोन वयं

४ फेब्रुवारी

ही वही माझी नव्हे. दवाखान्यानं ती माझ्या मुलीला दिली होती. दोन वह्या दिल्या. एकीत कोणत्या दिवशी कोणती सुई टोचली, कोणती गोळी घेतली ते लिहायचं, आणि हिच्यात, म्हणे, मनात काय येतं ते. मुलगी म्हणाली, "माझ्या मनात काही येत नाही," आणि वही कपाटात टाकली. कोरी वही, जाड पुठ्ठा, शिवण पक्की. चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात काढलेल्या बाईला चांगली वस्तू पडून राहिलेली बघवत नाही. माझ्या मनात पुष्कळ येतं. वही मी घेतली.

अडचण एवढीच की मला लिहिता येत नाही. वाचताही येत नाही. म्हणून मी बोलते आणि खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई लिहितात. त्यांनी तीस वर्षं कोर्टात साक्षीदारांचे जबाब टाइप केले. रिटायर झाल्यापासून बोटं शिवशिवतात, म्हणून लगेच तयार झाल्या. अट घातली, "मावशी, तुम्ही बोलाल ते सगळं लिहीन. गाळणार काही नाही, पदरचं घालणार काही नाही." मीही अट घातली. इथला शब्द बाहेर जाता कामा नये. तोंडाला कुलूप. त्यांनी मान हलवली.

आता घरातली माणसं सांगते, नाहीतर वाचणारा म्हणेल कोण कुणाचं कोण. मुलीला मी बुटकी म्हणते. शाळेत वर्गात ती सगळ्यांत लहानखुरी, पहिल्या बाकावर बसूनसुद्धा फळा दिसायचा नाही, तेव्हा पोरांनीच ते नाव ठेवलं. आता बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावते. जावई घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून तो घड्याळजी. एक घड्याळं लावतो, दुसरी गाड्यांच्या वेळा लावते, आणि दोघांनी लग्न केलं ते बुटकीच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. काय बोलणार!

माझ्या थोरल्या मुलाची दोन पोरं आहेत, पण ती फार लांब. फोनवर 'आजी' म्हणतात आणि पुढं त्यांना काही सुचत नाही. बुटकीला मूल हवंय. औषधोपचारांनी तीन गर्भ तयार झाले. दोन ठेवले, दोन्ही टिकले नाहीत. तिसरा दवाखान्यात आहे, गोठवलेला. माझं नातवंड थंडीत बसलंय आणि आम्ही इकडे तारखा मोजतोय.

बाई, मी खोटं कधी बोलत नाही, हेही लिहा. सुरुवातीलाच लिहून टाका.

६ फेब्रुवारी

आज दवाखान्यात मीही गेले. घड्याळजी नको म्हणत होता. मी म्हटलं, "जावईबापू, तुम्ही नुसती मान हलवता, प्रश्न कोण विचारणार?"

डॉक्टरीणबाई चांगली आहे. कागद चाळले, पुन्हा चाळले, मग चष्मा काढला. डॉक्टरनं चष्मा काढला की समजावं.

"तुमची पन्नाशी एक मार्चला पूर्ण होते," ती बुटकीला म्हणाली. "आणि गर्भ ठेवायचा दिवस येतोय सहा मार्चला."

"मग?"

"पन्नास पूर्ण झाल्यावर कायदा परवानगी देत नाही."

घड्याळजीनं तोंड उघडलं. "पाच दिवसांसाठी?"

"पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही."

मागच्या महिन्यात बुटकीला ताप आला, म्हणून बेत पुढं ढकलला होता. ताप आला नसता तर सगळं वेळेत झालं असतं. बुटकीनं विचारलं, दिवस अलीकडे आणता येईल का. नाही म्हणाली. पिशवीचं अस्तर तयार व्हायला लागतील तेवढे दिवस लागतातच, घाई केली तर हाही गर्भ जाईल.

मी विचारलं, "आणि पुरुषांना?"

"पंचावन्न."

घड्याळजी त्रेपन्नचा आहे. तो खुर्चीत असा आक्रसला की जणू ती पाच वर्षं त्यानंच कुणाच्या खिशातून काढली.

डॉक्टरीणबाई म्हणाली, पूर्वी साठीच्या बाया यायच्या, जीव धोक्यात घालायच्या, कधी घरचेच त्यांना ढकलून आणायचे. म्हणून कुठंतरी रेघ ओढावी लागली. ते मला पटलं. मी सत्त्याहत्तरची आहे. उद्या मीच नंबर लावून तिथं जाऊन बसले, तर मला हाकलायला कायदा हवाच. पण रेघ माझ्या पोरीच्या पायाच्या बोटांवरच पडायला हवी होती का?

"गोळ्या सुरू ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "गोळ्यांना कायदा आड येत नाही, गर्भ ठेवायला येतो. कुणी सांगावं, वरून काही सवलत आली तर." पण तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं की वरून काही येत नसतं.

खोलीत फार गरम होत होतं. मला घाम फुटला. बुटकी म्हणाली, "आई, इथं गार हवा सोडलीय, मला थंडी वाजतेय." असेल. म्हाताऱ्या माणसाचं अंग वेगळं असतं.

७ फेब्रुवारी

काही नाही. बुटकी डेपोतून आली, चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. मी सगळ्या घराच्या चादरी इस्त्री केल्या. धुतलेल्या नव्हत्या, तरी केल्या.

१० फेब्रुवारी

बाई, सहज विचारते. कोर्टात खोटं बोललं तर किती शिक्षा असते? आणि समजा कोर्ट नसेल, दुसरी कुठली कचेरी असेल? समजा, शाळा? आणि त्याला खूप वर्षं झाली असतील तर?

टायपिस्टबाई म्हणतात, कोण बोललं त्यावर आहे. कुणी नाही. सहज विचारलं.

धुलाईघराचं सांगू? सहा बाया होतो. एकीकडे मोठी पिंपं, एकीकडे चादरी दाबायचे गरम रूळ. ओली चादर या बाजूनं घालायची, त्या बाजूनं कडक सुकी निघायची, पापडासारखी. पाळी सकाळी सहाची. बुटकीचा बाप ती पोटात असतानाच गेला, तेव्हा तिला घेऊनच कामावर जायचे. उशांच्या अभ्र्यांच्या टोपलीत झोपायची. एकदा जागी होऊन चालत चालत रुळांपाशी गेली आणि चादरीचं टोक धरून तिच्यामागून निघाली. चादर आत चाललेली, पोरगीही चाललेली. शेजारच्या बाईनं फ्रॉकला धरून मागं ओढली. मुकादम ओरडला, "उद्यापासून एकतर तू येशील नाहीतर पोरगी येईल!" मी म्हटलं, ती आली तर चादरी कोण दाबणार?

हसू नका, लिहा. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

टायपिस्टबाईंनी विचारलं, इस्पितळात तुम्हाला नावानं ओळखायचे की काही नंबर होता? पितळी बिल्ला होता, सत्तेचाळीस. तो आकडा मला ओळखता येतो, गाठ मारलेली दोरी आणि वाकडी काठी. अजून किल्ल्यांना अडकवलेला आहे. का विचारलंत? सहज, म्हणाल्या. आज सगळेच सहज विचारतायत.

१३ फेब्रुवारी

काल टायपिस्टबाई आल्याच नाहीत. आज आल्या तर म्हणतात, "बहिणीकडे गेले होते." बहिणीकडे जाताना केसाला तेल लावून, चांगली पर्स घेऊन? खिडकीतून सगळं दिसतं मला. आणि परत आल्या त्या कोपरापर्यंत धुळीनं माखून. बहीण काय पोटमाळ्यावर राहते का?

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं दुकान झाडायला गेला असाल. बायको गेल्यापासून बिचारा एकटाच आहे. लाजू नका हो. चौसष्टाव्या वर्षी तुम्हाला कुठला कायदा अडवतोय?

त्या नुसतं लिहितात. असली माणसं कोर्टातच तयार होतात.

१४ फेब्रुवारी

सांगते. सांगून टाकते. बुटकीनं काल डेपोत सहा मार्चची टाकलेली रजा रद्द केली. संध्याकाळी भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, सहाला मी कामावर जाणार आहे, डबा लागेल." आणि चिरत राहिली. रडली असती तर मी समजूत काढली असती. चिरत राहिली, तिला मी काय सांगू?

शाळेचा नियम होता, पाच वर्षं पुरी पाहिजेत. जन्माचा कागद आमच्यासारख्यांकडे कुठला? मग हेडमास्तर पोरांना उभं करायचा आणि म्हणायचा, हात डोक्यावरून न्या आणि पलीकडचा कान पकडा. हात कानाला पोचला म्हणजे पाच पुरी. लहान पोराचा हात आखूड असतो, डोकं मोठं, तो पोचत नाही. बुटकीचा पोचत नव्हता. कसा पोचेल? चार पुरी व्हायलाही पन्नास दिवस बाकी होते.

आठ दिवस शिकवलं तिला, धुलाईघराच्या खिडकीच्या काचेसमोर उभं करून. मान खांद्यावर टाक, हं, अजून थोडी, आता खांदा वर घे, बोटं ताण. नवव्या दिवशी नेली. हेडमास्तरसमोर पोरीनं मान अशी कलती केली की कुणाला वाटावं हिचं मानेचं काही दुखणं आहे. कान पकडला. हेडमास्तर म्हणाला, "जन्मतारीख?" मी म्हटलं, आजच पाच पुरी झाली. त्यानं त्या दिवसाची तारीख लिहिली. एक मार्च. तीच पुढं सगळीकडे चिकटली. शाळा, नोकरी, लग्न, दवाखाना.

खरी जन्मली ती वीस एप्रिलला, त्याच इस्पितळात. कागदावर जे वर्ष आहे, त्याच्या पुढच्या वर्षी. एक वर्ष पन्नास दिवसांनी लहान आहे माझी पोरगी. वर्गात ती बुटकी नव्हतीच. ती नुसती लहान होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून का टाकत नाही? सांगितलं आणि डेपोवाले म्हणाले, अठरा पुरी नसताना कामाला लागलीस, खोटा दाखला दिलास, जा घरी, तर? एकतीस वर्षांची नोकरी जाईल. मला पोलिसांनी नेलं तर नेलं, तिथल्या चादरी तरी नीट होतील. पण पोरीच्या हातात मूलही नाही आणि नोकरीही नाही, असं झालं तर? आणि कागद नसताना माझ्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार?

आणि खरं सांगू? आयुष्यभर तिला बजावत आले की मी खोटं बोलत नाही, तूही बोलू नकोस. सगळ्यांत जास्त ते आड येतंय.

१५ फेब्रुवारी

मी म्हटलं, बाई, कालचं पान फाडा. म्हणाल्या, "पानांना नंबर घातलेत मावशी. फाडलेलं दिसतं."

मी म्हटलं, मग खाडाखोड करा. म्हणाल्या, ती तर आणखीच दिसते.

कशी माणसं हाताशी धरली मी! साधी वाणसामानाची यादी लिहिणारी बाई मिळाली असती तर काय बिघडलं असतं?

१७ फेब्रुवारी

टायपिस्टबाई काल पुन्हा 'बहिणीकडे' गेल्या होत्या. पुन्हा धूळ. आज मात्र चेहरा उजळलाय आणि दर दोन वाक्यांनी माझ्याकडे बघतायत. औषधवाल्यानं विचारलं वाटतं. करून टाका हो म्हणते मी. रजिस्टर लग्न केलंत तर अंगठा द्यायला मी येते.

त्यांनी पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवल्यावर लिहिता येत नाही, म्हणून पुढचं त्या आठवून लिहितायत. म्हणाल्या, "मावशी, साक्षीदार स्वतःहून उभा राहिला नाही, तर पुराव्याचा कागद नुसता कागद असतो."

मी म्हटलं, हे लग्नाबद्दल बोलताय ना? हसल्या आणि पुन्हा पेन उचललं. प्रेमात पडलं की माणूस असंच अर्धवट बोलतं.

पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

१८ फेब्रुवारी

सांगितलं.

आज बुटकीला सुट्टी होती. ती खिडकीपाशी बसून गोळ्यांच्या वहीत खूण करत होती. गर्भ ठेवणार नाहीत हे माहीत असून रोज गोळी घेते आणि रोज खूण करते. मी इस्त्रीचं टेबल मांडलं. हातात काम असलं की मला बोलता येतं.

"बुटके, तुला शाळेत घातलं तेव्हाचं काही आठवतं?"

"कान," ती म्हणाली.

"काय?"

"मान खांद्यावर टाक, खांदा वर घे, बोटं ताण." वहीतून डोकंही वर केलं नाही तिनं. "आठ दिवस मान अवघडली होती माझी. तू रात्री कोमट तेल लावायचीस आणि म्हणायचीस, कुणाला सांगू नको."

इस्त्री चादरीवर तशीच राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून चादर जळाली. घड्याळजी आतून धावत आला, "काय जळतंय, काय जळतंय?"

"माझी अब्रू," मी म्हटलं. "बसा तिथं, तुम्हीही ऐका."

सगळं सांगितलं. मग बुटकीला विचारलं, तुला माहीत होतं तर दवाखान्यात गप्प का बसलीस? म्हणाली, "मी लहान होते एवढंच माहीत होतं. किती लहान, ते तुलाच माहीत. मला वाटलं दोन-तीन महिने असतील. आणि तू लोकांपुढं छाती काढून सांगतेस की मी कधी खोटं बोलले नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी तुला चारचौघांत खोटं पाडू?"

"अगं, पोरासाठी पाडायचं होतंस!"

"तू पाडू दिलं असतंस?"

घड्याळजी बोटांवर मोजत होता. घड्याळवाला माणूस, त्याला आधी हिशोब लागतो. "म्हणजे आत्ता अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "म्हणजे पन्नाशीला वर्षाहून जास्त आहे." आणि मग हा मुका माणूस उठला, मला धरून उभं केलं आणि माझ्या कपाळाला कपाळ लावलं. चष्मा टोचला. टोचू दिला.

मग बुटकी खाली जाऊन टायपिस्टबाईंना घेऊन आली. त्यांच्या हातात एक पाकीट होतं. इस्पितळाच्या तळघरातल्या जुन्या वह्यांमधून त्यांनी नक्कल काढून आणली होती, शिक्का मारून. पहिल्या खेपेला कागदावरच्या वर्षाच्या वह्या धुंडाळल्या, काही मिळालं नाही. चौदा तारखेला मी खरं वर्ष सांगितलं आणि दुसऱ्या खेपेला मिळालं. प्रसूतीच्या खोलीची नोंद. त्यांनी वाचून दाखवली. वीस एप्रिल, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, मुलगी, आई धुलाईघरातली, बिल्ला सत्तेचाळीस.

सहा दहा. बरोबर. मी पाळीवरच आले होते.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतंत!"

"तोंड उघडलं नाही," त्या म्हणाल्या. "पायांबद्दल काही ठरलं नव्हतं. पण या नोंदीत बाळाला नाव नाही मावशी. ते बाळ म्हणजेच ही, आणि शाळेतली तारीख चुकीची, हे शपथेवर सांगणारं माणूस एकच आहे."

ते माणूस जळक्या चादरीची घडी घालत होतं.

बिचाऱ्या औषधवाल्याचं मात्र काही खरं नाही.

२० फेब्रुवारी

बुटकी डेपोतल्या आस्थापना कारकुनाकडे गेली. तिला म्हटलं, मी येते, पाया पडते. म्हणाली, "तू फक्त घरी बस."

परत आली ती हसतच. कारकुनानं सगळं ऐकलं, जांभई दिली आणि म्हणाला, "नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत तारीख बदलून घ्यायची होती, आता बदलत नाही. तुम्ही जन्मलात कधीही, आमच्याकडून जुन्याच तारखेला रिटायर व्हाल." तिनं विचारलं, आणि अठरा पुरी नव्हती त्याचं? तो म्हणाला, "एकतीस वर्षं तुमच्या लावलेल्या वेळेवर गाड्या सुटल्या. आता कुणाचं वय विचारू, गाडीचं?"

चव्वेचाळीस वर्षं मी ज्या भीतीला सांभाळलं, तिला या माणसानं जांभई देऊन वाटेला लावलं. माझा थोडा अपमानच झाला.

२३ फेब्रुवारी

कोर्ट. इतक्या जुन्या जन्माची नोंद करायची तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो म्हणे. टायपिस्टबाईंना तिथं शिपायापासून सगळे ओळखतात. मॅजिस्ट्रेट म्हणजे एक तरुण पोरगी, केसाला पिन लावलेली. मी तिला साहेब म्हटलं.

"आजी, तुम्ही शाळेत खोटी तारीख सांगितलीत?"

"सांगितली, साहेब."

"आणि शाळेनं पुराव्याशिवाय मान्य केली?"

"पुरावा दिला होता. कान." आणि मी तिथंच हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान पकडून दाखवला. खांदा दुखला, पण दाखवला. मग मान कलती करून कसं करायचं तेही दाखवलं. कारकुनानं स्वतःवर करून बघितलं. दाराशी उभ्या शिपायानं करून बघितलं. साहेबांनी फायलीच्या आड काय केलं ते मी बघितलं नाही, पण पिन निसटली होती.

"खोटं का सांगितलंत?"

मी घरून उत्तर पाठ करून आले होते, टायपिस्टबाईंनी शिकवलेलं. ते सगळं विसरले. म्हटलं, "साहेब, मला तेव्हा ते खोटं वाटलंच नाही. पोरीचे हात गरम रुळांपासून लांब ठेवायचे होते. तेवढं ठेवलं. त्याची तारीख झाली हे मला फार उशिरा कळलं."

तिनं खाली बघून बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "बिल्ला आणलाय?" किल्ल्यांचा जुडगाच काढून दिला. तिनं बिल्ला नकलेशेजारी ठेवला, उलटा केला, सुलटा केला.

मी विचारलं, "मला कुठं बसायचं? म्हणजे न्यायला गाडी येईपर्यंत."

"कुठली गाडी?"

"पोलिसांची."

पहिल्यांदा हसली. "घरी जा, आजी. जाताना अंगठा मात्र नीट दाबा."

असा दाबला की टेबल हललं. आदेश काढते म्हणाली, पण दाखला जन्मनोंदणीच्या कचेरीतून येणार, आणि तिथं रांग आहे.

१ मार्च

आज बुटकी कागदावर पन्नास झाली. दाखला अजून नाही. दरवर्षी आज आम्ही तिला शुभेच्छा देतो. आज कुणी दिल्या नाहीत. घड्याळजीनं विचारलं, "मग आज काय म्हणायचं?" बुटकी म्हणाली, "काही म्हणू नका. आज माझा शाळेत जाण्याचा दिवस आहे." डबा घेऊन कामावर गेली. जाताना सरळ चालत गेली, पण जिन्यात तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं.

४ मार्च

मिळाला! दुपारी चारला कचेरी बंद व्हायच्या बेतात असताना मिळाला. टायपिस्टबाई सकाळी नऊपासून खिडकीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. तिथल्या माणसानं तीनदा उद्या या म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी आहे इथंच, तुम्ही करा सावकाश," आणि विणकाम काढलं. चौथ्यांदा त्यानं दाखलाच आणून दिला.

तिथून थेट दवाखान्यात. डॉक्टरीणबाईनं तो त्यांच्या वकिलाला दाखवला. वकिलानं नोंद बघितली, कोर्टाचा आदेश बघितला, माझा अंगठा बघितला, आणि मान हलवली. एवढंच. एवढ्या सगळ्याला एवढीशी मान हलते.

डॉक्टरीणबाई बुटकीला म्हणाली, "गोळ्या चुकवल्या तर नाहीत?"

बुटकीनं वही पुढं केली. एकही खूण गळली नव्हती.

घरी येताना सगळ्यांत मागून मी चालत होते आणि मला पाय हलके वाटत होते. चपला बदलल्या गेल्या की काय म्हणून बघितलंसुद्धा. माझ्याच होत्या.

६ मार्च

ठेवला. दहा मिनिटांचं काम. मला वाटलं होतं आत यंत्रं घरघरतील, माणसं धावतील. बुटकी म्हणते, काही कळलंसुद्धा नाही, पडद्यावर एक ठिपका दिसला. घड्याळजीला विचारलं, कसा होता? म्हणाला, "मनगटी घड्याळाच्या सगळ्यांत बारीक स्क्रूएवढा." एवढं लांब वाक्य त्यानं लग्नातही म्हटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं सांगितलं, आता चौदा दिवस. टिकेल किंवा टिकणार नाही, हमी कुणीच देत नाही. ते मला चालेल. नाही टिकला तर रडू. पण माझ्या एका तारखेपायी तो त्या थंडीत कायमचा राहिला, असं आता कुणाला म्हणता येणार नाही. मला स्वतःलाही नाही.

१३ मार्च

बुटकी चिडचिड करते. मी पुष्कळ चौकशी करते म्हणे. दिवसातून पाच वेळा विचारणं म्हणजे पुष्कळ का? घड्याळजी काहीच विचारत नाही, तर त्याच्यावर त्याबद्दल चिडते. माझ्या मते लक्षण चांगलं आहे. टायपिस्टबाई म्हणतात, हा पुरावा होत नाही.

२० मार्च

सकाळी रक्त देऊन आली आणि मग आम्ही तिघं फोनभोवती बसलो. टायपिस्टबाई चौथ्या. फोन वाजला तेव्हा कुणीच उचलेना. शेवटी मी बुटकीच्या मांडीवर ठेवला.

"हो," ती म्हणाली. मग, "हो." मग, "पुन्हा सांगा." मग फोन कानाला तसाच धरून तिनं मोकळा हात डोक्यावरून नेला आणि पलीकडचा कान पकडला. मान सरळ होती. हात सहज पोचला, वर चार बोटं उरली.

"आई," ती म्हणाली, "टिकलाय."

आता घड्याळजी न्हाणीघरात नळ सोडून रडतोय आणि त्याला वाटतंय आम्हाला ऐकू येत नाही. बुटकी पलंगावर पाय वर घेऊन बसलीय आणि विचारतेय, मूल शाळेत जाईल तेव्हा मी किती वर्षांची असेन. मी म्हटलं, डेपोला विचार, दवाखान्याला विचार, दोन उत्तरं मिळतील, आवडेल ते घे. आणि पोराला वय पुरं झालं की शाळेत जाऊ दे. मान सरळ ठेवून जाऊ दे.

अजून पुष्कळ महिने आहेत, पुष्कळ भीती आहे, ती डॉक्टरीणबाईनं आत्ताच फोनवर सांगितलीय. ती उद्यापासून. आज नाही.

बाई, तुमच्या डोळ्यांतलं पाणी वहीवर पाडू नका, शाई फुटेल. आधी आजची तारीख नीट लिहा. वर, मोठ्या अक्षरात. या घरात एक तरी पोर असं येऊ दे, ज्याची पहिल्या दिवसापासूनची तारीख खरी आहे.

लिहिलीत? दाखवा. मला वाचता येत नाही, माहीत आहे. तरी दाखवा.